कृष्णाकाठ सायकलवरून: आधी मुक्काम ठरवा, मग किलोमीटर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही पुण्याचे, ४७ वर्षांचे, मुलगी १५ वर्षांची. दोघांनाही रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवायची सवय आहे. नाताळच्या सुट्टीत चार दिवसांत वाई ते नृसिंहवाडी कृष्णेच्या काठाकाठाने जायचंय, म्हणून रोज साठ किलोमीटर धरलेत. मुक्काम कायम लक्षात राहतील असे हवेत, हायवेवरची लॉजं नकोत. आणि नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी नदीला लागून जाणारा रस्ता काही सापडत नाही.

सापडणार नाही, कारण तो नाहीच.

मी सांगलीचा. सायकलचं दुकान आहे, आणि गेली सोळा वर्षं दर थंडीत निदान एकदा आठ-दहा जणांना घेऊन हा पट्टा करतो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच नकाशावर बोट फिरवत बसायचो. कृष्णा आमच्या भागात खोल पात्रातून वाहते. दोन्ही काठांना काळी कसदार जमीन, मधेमधे मळीचे, म्हणजे नदीने आणलेल्या गाळाच्या जमिनीचे, पट्टे, आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढेल याचा नेम नाही. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा नदीला चिकटून रस्ता कोण बांधणार? गावं उंचवट्यावर बसली, आणि गावातून एकेक वाट खाली घाटावर उतरली. म्हणजे आमच्याकडे रस्ते नदीच्या बरोबरीने जात नाहीत, नदीकडे येऊन थांबतात. त्यातून डिसेंबरात दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. नदी दोनशे मीटरवर असली तरी दिसत नाही.

तुमची खरी अडचण हीच आहे. 'नदीकाठची सफर' म्हणून निघालेला माणूस दिवसभर उसाच्या दोन भिंतींमधून सायकल मारतो, पुलावर दोन मिनिटं थांबतो, आणि संध्याकाळी गावातल्या स्टँडजवळच्या लॉजवर जाऊन पडतो. घरी परतल्यावर विचारलं की नदी कशी होती, तर उत्तर नाही. इथे नदी भेटते ती मुक्कामाला. म्हणून पाच-सहा अशी ठिकाणं आधी धरायची जिथे संध्याकाळी चारला पोचून घाटाच्या पायरीवर बसता येईल, आणि त्यांच्यामधलं अंतर जे येईल ते त्या दिवसाचं अंतर. कधी पंचवीस किलोमीटर येईल, कधी पन्नास. साठाचा पाढा सोडून द्या.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका वर्षी मी कराड ते सांगली एका दिवसात बसवलं होतं. वाटेत बहे, औदुंबर, भिलवडी सगळं 'बघत' जायचं, असा बेत. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. दोन पंक्चर झाली आणि दिवस ढळला तेव्हा आम्ही अजून सांगलीपासून वीस किलोमीटरवर होतो. पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही, पण तुम्ही म्हणताय त्या अर्थाने नाही. साखर कारखान्यांची धुराडी पेटल्यापासून, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागे धड दिवा नाही, आणि ड्रायव्हरने गाणी अशी लावलेली की तुमची घंटा त्याच्या कानावर पडणं शक्य नाही. दिवसा हे लोक बरे असतात, हात दाखवून पुढे काढतात. अंधारात मात्र त्या रस्त्यावर सायकलवाल्याला जागा नाही. मुलगी बरोबर आहे म्हणून एक नियम पाळाच: साडेपाचला चाक थांबलेलं असलं पाहिजे.

आता चार दिवसांबद्दल. वाई ते नृसिंहवाडी (आम्ही नुसतं 'वाडी' म्हणतो) माझ्या वाटेने सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर भरतं. चार दिवसांत ते होतं, पण मी म्हणतो तसं होत नाही. सहा दिवस काढता येत असतील तर वाईहून निघा. चारच असतील तर कराडहून निघा आणि वाई वेगळी करा. वाईला पुण्याहून शनिवार-रविवारी केव्हाही येता येतं.

सहा दिवस मिळालेच तर वरच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो. आदल्या रात्री वाईत राहा. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू मुलीला मुद्दाम दाखवा. १७६२ साली रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हा नदीकडची भिंत माशाच्या आकाराची काढली, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून. नदी समजून घ्यायला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. सकाळी आठच्या आत गेलात तर घाट तुमचाच. मग भुईंजवरून लिंबची बारा मोटांची विहीर, आणि मुक्काम साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णा-वेण्णा संगमावर. संगमावर छत्रपती शाहूंची समाधी आहे आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. माझ्याबरोबरची पोरं शाहूंपेक्षा कुत्र्यापाशी जास्त वेळ थांबतात. माहुली ते कराड हा टप्पा मात्र मला फारसा आवडत नाही. लांब आहे, हायवे टाळायला बरीच वळणं घ्यावी लागतात, आणि मधे मन रमेल असा मुक्काम मला अजून सापडलेला नाही. सकाळी लवकर निघून उरकून टाकायचा दिवस.

कराडपासून नदीचं रूप बदलतं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून एकत्र पुढे जातात. असा संगम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. संध्याकाळी अख्खं कराड तिथे फिरायला येतं, भेळ खातं, पोरं बागेत धावतात. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला, नदीच्या पलीकडे आहे. सायकलने पूल ओलांडून गावात यायचं, तेवढंच हातपाय मोकळे होतात. राहायला साधं लॉज घ्या. हो, लॉजच. सगळेच मुक्काम अविस्मरणीय असायला हवेत हा हट्ट धरू नका. एका रात्री गरम पाणी आणि दार बंद करून झोप मिळाली की पुढच्या तीन रात्री गोड लागतात.

दुसरा दिवस छोटा: कराड ते बहे, नदीच्या उजव्या काठाने. रेठरे बुद्रुक, नरसिंहपूर, बहे. तीस-पस्तीस किलोमीटर. बह्याला नदी दोन फाट्यांत विभागते आणि मधल्या बेटावर रामलिंगाचं देऊळ आणि मारुती आहे, समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक. मारुतीने दोन बाहूंनी नदीचा ओघ अडवला, म्हणून बाहे, बहे, असं गावकरी सांगतात. दुपारी बेटावर बसा.

पण या दिवसाचं खरं कारण बेट नाही, गुऱ्हाळ आहे. या पट्ट्यात साखर कारखाने इतके झाले की गुऱ्हाळघरं कमी होत चालली आहेत, तरी नदीकाठच्या मळ्यांत अजून काही चालू असतात. मी कुणाचं नाव देत नाही, कारण दरवर्षी तेच गुऱ्हाळ चालू असेल असं नसतं. पद्धत सांगतो. पंधरा दिवस आधी या भागातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करा: नातेवाईक, ऑफिसातला सहकारी, पुण्यात येणारा दूधवाला, कुणीही. 'यंदा गुऱ्हाळ कुणाचं चालू आहे आणि मळ्यात दोघांना झोपायला जागा मिळेल का' एवढंच विचारा. बहे ज्या वाळवा तालुक्यात आहे त्याच्याशी ओळख नसलेला माणूस पुण्यात शोधून सापडणार नाही. पैसे द्यायला गेलात तर बहुतेक घरी घेत नाहीत. पुण्याहून पोरांसाठी खाऊ किंवा एखादं पुस्तक घेऊन जा.

तिथे काय होतं ते सांगतो. रात्री भाकरी, भरलेलं वांगं आणि खर्डा. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल बाहेर कुणी काही बोललं की आम्ही भांडायला उठतो, ते का हे तुम्हाला त्या रात्री कळेल. झोपायला पत्र्याच्या शेडमध्ये किंवा माळ्यावर सतरंजी. पहाटे तीनला घाण्याचा आवाज सुरू होतो, झोप तिथेच संपते, आणि तेच हवं असतं. मुलीला उठवा. चुलवाणात, म्हणजे मोठ्या भट्टीत, जळव्या चिपाडं सारत असतो, वर मोठी काहील, म्हणजे पसरट कढई, तिच्यात रस उकळतोय, भेंडीच्या पाण्याने रसातला मळ वर आला की तो काढून टाकायचा. गूळ कधी झाला हे ठरवणारा गुळव्या मात्र एका बाजूला उभा. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि एका क्षणी हात वर करतो. मग चार माणसं काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओततात. तो क्षण चुकला तर गूळ तरी बसत नाही, नाहीतर काळा पडतो. बाहेर नदीवरून धुकं आलेलं असतं आणि आत या सगळ्याची ऊब. माझ्याबरोबर आलेल्या माणसांना वर्षानुवर्षांनी भेटलो की ती पहिल्यांदा या पहाटेबद्दल बोलतात. एक सूचना: उकळत्या काहिलीपासून चार हात लांब उभं राहायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे जायचं नाही.

तिसरा दिवस आणखी छोटा, आणि झोप अपुरी झालेली असल्याने तसाच हवा. बोरगाव, वाळवा करत अंकलखोप, आणि तिथलं औदुंबर. जवळच नागठाणे, बालगंधर्वांचं गाव. औदुंबरला, दत्ताचा अवतार मानल्या गेलेल्या नृसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास केला, पुढे वाडीला ते बारा वर्षं राहिले. तुम्हीही त्याच क्रमाने चाललाय. देवस्थानाच्या भक्तनिवासात खोली मिळते. तुम्ही भाविक आहात का, हे मला माहीत नाही आणि तो माझा प्रश्नही नाही. मी स्वतः फारसा देवळात जाणारा नाही. पण औदुंबराच्या झाडांखालचा तो घाट, समोरच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ, आरतीनंतर दहा मिनिटांत रिकामा होणारा परिसर आणि मग फक्त पाण्याचा आवाज, यासाठी नास्तिकाने एक रात्र द्यायला हरकत नाही.

भक्तनिवासाच्या काही गोष्टी बाहेरच्यांना माहीत नसतात. मूळ आधारकार्ड दोघांचंही लागतं. बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत; तुम्ही दोघं आहात त्यामुळे अडचण नाही, पण वडील-मुलगी आहात हे कार्डावरून दिसलेलं बरं. एकदा एका ठिकाणी माझ्या एका एकट्या सोबत्याला रात्री आठला परत पाठवलं होतं आणि आमचा सगळा गट बाहेर ओट्यावर बसून होता. तेव्हापासून आगाऊ फोन आणि चारपर्यंत हजर, हे मी सोडत नाही. सायकली आत ठेवू देतात का हेही विचारून घ्या. चाकांची माती पुसून गेलात तर नकार सहसा येत नाही.

आता एक गोष्ट थोडी जोरात सांगतो. नदीत उतरायचं नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगली या पट्ट्यात मगरी आहेत. अफवा नाही, माणसांवर हल्ले झालेले आहेत. थंडीत सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला त्या मळीवर ऊन खात पडलेल्या पुलावरून दिसतात, आणि तेवढ्या अंतरावरून बघायला फार छान वाटतात. घाटावर गावची माणसं अंघोळ करताना दिसतील. त्यांना कुठली पायरी, कुठली वेळ हे माहीत असतं; तुम्हाला नाही. पाय बुडवून बसण्याचा मोहही टाळा. होडीने पलीकडे जाण्याचा बेत असेल तर लाइफ जॅकेट असेल तरच. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली ते आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. काठ बदलायचा असेल तर पूल आहेत, आणि कोल्हापुरी बंधारे आहेत. थंडीत त्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, वरून दुचाकी जाते अशा बंधाऱ्यांवरून सायकल हातात धरून चालत गेलात की दहा किलोमीटरचा फेरा वाचतो. आधी गावात विचारा.

चौथा दिवस औदुंबर ते वाडी, पन्नासच्या आसपास. अंकलखोपहून खाली तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी, आणि १९२९ च्या आयर्विन पुलावरून सांगलीत. पुलावर पुराच्या पातळीचे आकडे रंगवलेले आहेत. तिथे खाली बघून पाणी आत्ता कुठे आहे आणि ५७ फूट म्हणजे कुठे, हे मुलीला डोळ्यांनी मोजू द्या. सांगलीत माझ्या दुकानात चहाला यायचं. तिथून हरिपूरला जाऊन या: कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळद साठवायची पेवं. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच गेली, तरी चौकशी केली तर कुणीतरी एखादं दाखवतं. मग अंकली, उदगाव, शिरोळ करत वाडी. अंकलीचा पूल सांगली-कोल्हापूर रस्त्यावर आहे आणि वाहनं भरपूर, तेवढा सगळ्या सफरीतला एक तुकडा सायकलवरून उतरून चाललात तरी लाज वाटून घेऊ नका.

नृसिंहवाडीच्या तारखेकडे मात्र नीट पाहा, कारण तुमचा सगळा बेत तिथे फसू शकतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. ती काही वर्षी नाताळच्या सुट्टीला लागून येते. त्या दोन-तीन दिवसांत वाडीत पाय ठेवायला जागा नसते, खोली तर विसराच. एरवीही पौर्णिमा, गुरुवार आणि शनिवार-रविवार टाळा. म्हणजे मुक्कामाची शेवटची रात्र सोमवार ते बुधवारमध्ये येईल असा दिवस मागे मोजत जा आणि त्यावरून निघायचा वार ठरवा. वाडीत भक्तनिवास आहे, पण पुजाऱ्यांच्या घरी उतरायची जुनी पद्धत अजून आहे, आणि मला ती जास्त आवडते. जेवण घरचं, पहाटे काकड आरतीला घरातलंच कुणीतरी हाक मारतं. देऊळ नदीच्या पातळीला इतकं खाली आहे की पावसाळ्यात पाणी उत्तरेच्या दाराने आत येऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्यात स्नानाला जमतात. पुराला सण करणारं दुसरं गाव मला ठाऊक नाही. बासुंदी खा, कवठाची बर्फी बांधून घ्या.

म्हणजे चार दिवसांचं असं झालं: कराडला रात्र, बह्याच्या बाजूला गुऱ्हाळावर रात्र, औदुंबरला रात्र, वाडीला रात्र. पाचवी सकाळ मोकळी ठेवता आली तर कुरुंदवाड, अकिवाट करत खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाचं छत मधोमध उघडं आहे, खाली गोल शिळा, भोवती ४८ खांब. दहाच्या आत पोचा. जाऊन-येऊन चाळीस धरा.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. पाऊस लांबला तर उसाची तोड उशिरा सुरू होते, गुऱ्हाळंही उशिरा लागतात. तुमची मुलगी मळ्यात झोपायला तयार आहे का, हे तुम्ही तिच्या वतीने ठरवू नका, तिलाच विचारा. मळ्यात संडास घरापासून लांब असू शकतो, हेही आधी सांगा. ती नको म्हणाली तर जवळच्या ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) राहून पहाटे चारला कुणाच्या तरी गाडीने गुऱ्हाळावर जाता येतं. मजा थोडी कमी, पण रुसवा नाही.

सायकलीचं फार काही नाही. हायब्रिड चालेल, रोडबाइक नको. टायर ३५ मिलिमीटरच्या वरचे घ्या. मळ्यातल्या आणि कालव्याच्या वाटांवर बाभळीचे काटे असतात, म्हणून टायरला आतून लायनर, प्रत्येकी दोन ट्यूब आणि एक चांगला पंप. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, धुकं नऊपर्यंत हटत नाही. काळी माती ओली असेल तर तिच्यात चाक घालू नका; मडगार्डमध्ये गच्च बसली की खराट्याच्या काडीने कोरत बसावं लागतं. परतीला मिरजेहून रेल्वे आहे, सायकली पार्सलला लावाव्या लागतात आणि त्या तुमच्याच गाडीने येतील याची हमी नसते, त्यामुळे घाईत असाल तर खासगी बसच्या डिकीत आडव्या टाकून न्या. पुढचं चाक काढून, चेनवर जुनी चादर गुंडाळून.

आणि घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा रिकामा ठेवा. गुऱ्हाळावरून निघताना काकवी (पातळ गूळ) दिल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाहीत. माझ्या एका सोबत्याने ती पिशवीत घेतली होती. सांगलीपर्यंत त्याच्या बॅगेतले सगळे कपडे, चार्जर आणि दोघांची आधारकार्डं एकमेकांना चिकटलेली होती.